सुई कुणाच्या हातात

आजीची शिवणाची वही आईच्या ट्रंकेत होती. आई गेल्यावर ट्रंक दिल्लीला माझ्याकडे आली आणि तिच्या तळाशी, जुन्या पैठणीच्या घडीखाली ही वही सापडली. जाड, पिवळा पडलेला कागद आणि प्रत्येक पानावर मांजरपाटाचा एकेक चौकोनी तुकडा डकवलेला. पहिल्या पानावर धावदोरा, मग टीप, उलटी टीप, हेम, काज, रफू, ठिगळ. शेवटी मुठीएवढं एक झबलं, बाहुलीच्या मापाचं. प्रत्येक तुकड्याखाली लाल शाईत बाईंचा शेरा. हेमच्या पानावर लिहिलंय, ‘टाके लहान घ्यावेत.’

आजी नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत चार इयत्ता शिकली. घर हिंदूच राहिलं. मुलींना पाठवण्यासारखी जवळची शाळा तेवढीच होती, म्हणून पाठवलं. मला आठवते ती आजी मात्र गोधडी शिवणारी. जुनी लुगडी अंथरायची, कडेने धोतराचा पट्टा लावायचा आणि मग बाहेरून आत चौकोनात चौकोन घेत धावदोऱ्याने भरत जायचं. हे ती तिच्या आईकडून शिकली, शाळेत जायच्या आधी. वहीत गोधडीचा एकही टाका नाही. शाळेच्या लेखी आजीच्या हाताला शिवण येत नव्हतं आणि ते शून्यापासून शिकवायचं होतं.

ही गोष्ट मला सुचायला बरीच वर्षं लागली. सुचली ती दिल्लीत, तीस हजारीजवळ सेंट स्टीफन्स रुग्णालयात एका नातेवाइकाच्या उशाशी बसलेली असताना. हे रुग्णालय आपला उगम एका औषधाच्या पेटीशी जोडतं. ही पेटी घेऊन प्रिसिला विंटर यमुनेच्या काठी येणाऱ्या बायकांना औषध द्यायची. बंगालमधल्या मिशनरी घराण्यातली मुलगी, दिल्लीच्या अँग्लिकन मिशनमधल्या रॉबर्ट विंटरची बायको. ती १८८१ मध्ये वारली आणि तिच्या स्मरणार्थ चांदणी चौकात बायका-मुलांसाठी रुग्णालय उभं राहिलं, १८८५ मध्ये. पुढे ते तीस हजारीला आलं. पण प्रिसिलाचं काम औषधापुरतं नव्हतं. तिने आणि तिच्या सोबतिणींनी दिल्लीच्या गल्ल्यांतून घरोघरी जाऊन जनानखान्यात शिकवायला सुरुवात केली होती. अक्षरं, बायबलच्या गोष्टी आणि शिवण.

त्या काळच्या दिल्लीची अवस्था लक्षात घ्यायला हवी. गणिती मास्टर रामचंद्र आणि डॉक्टर चमनलाल या दोन नामवंतांनी १८५२ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा शहर हादरलं होतं. १८५७ मध्ये चमनलाल मारले गेले, मिशनचे पाद्री जेनिंग्जही मारले गेले. इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर रहिवाशांना बाहेर काढलं, हवेल्या लुटल्या, पाडल्या. विंटर दांपत्य आलं ते या उद्ध्वस्त शहरात. कालपर्यंत ज्यांच्या घरी नोकरचाकर होते अशा बायका आता पडद्याआडून कशिदा विकून दिवस काढत होत्या. म्हणजे सुई या घरांत आधीपासून होती, आणि ती किती बारीक चालत होती हे दिल्लीचं जुनं गोटा-किनारीचं काम पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

मग मेमसाहेब शिवण शिकवायला का आल्या? खरं कारण असं, की सुई हा दाराच्या आत जाण्याचा परवाना होता. कलकत्त्याच्या मिशनरी हॅना मलेन्सची गोष्ट मिशनच्या मंडळींत पुन्हा पुन्हा सांगितली जायची. ती सपातांवर लोकरीचं भरतकाम करत बसली होती, घरी आलेल्या एका बंगाली गृहस्थाला ते इतकं आवडलं, की माझ्या बायकोला हे शिकवाल का असं त्याने विचारलं. धर्मोपदेशाला बंद असलेलं दार लोकरीच्या सपातांनी उघडलं. पुढे उत्तर हिंदुस्थानभर हाच रिवाज पडला. आधी भरतकाम, मग अक्षर, मग शुभवर्तमान. जनानखान्यातल्या बायकांना नवे नमुने हवे असत, बाहेरच्या जगातलं माणूस हवं असे, कधी नुसता वेळ जायला हवा असे. त्या काय घ्यायचं ते घेत आणि बाकीचं ऐकून सोडून देत. मिशनच्या बायकांची कायमची तक्रार अशी, की शिष्या शिवण शिकतात, वाचायला शिकतात, पण धर्म बदलत नाहीत.

सुई घेऊन जाणारी ही बाई फक्त हिंदुस्थानात आली नव्हती. तेच साहित्य, तेच धडे त्याआधी चाळीस वर्षं दक्षिण आफ्रिकेत कुरुमान या ठिकाणी पोचले होते. तिथली हकीकत कळली तेव्हा मला आजीच्या वहीचा अर्थ लागला.

कुरुमान हे लंडन मिशनरी सोसायटीचं ठाणं. रॉबर्ट मोफट आणि त्याची बायको मेरी यांनी १८२० च्या दशकात त्स्वाना लोकांत ते वसवलं. त्स्वानांमध्ये कामाची वाटणी आपल्या डोळ्यांना उलटी वाटेल अशी होती. शेती बायकांची. कुदळ त्यांच्या हातात, धान्य त्यांच्या ताब्यात. घराच्या भिंती उभारणं, लिंपणं, छपर शाकारणं हेही बायकांचं. गुरं पुरुषांची, बाईने त्यांना हात लावायचा नाही. आणि कातडी कमावून ती शिवून पांघरुणं करणं हे काम पुरुषांचं. सुई तिथे पुरुषाच्या हातात होती.

मोफटने आपल्या पुस्तकात एक प्रसंग नोंदवलाय. बायका घर बांधत होत्या आणि छपरावर चढायच्या तयारीत होत्या. मोफटला ते बघवेना. हे काम तुमच्या नवऱ्यांना करायला सांगा, असं तो म्हणाला. बायका खो खो हसत सुटल्या. हसणं ऐकून प्रमुखाची बायको महुतो आली, पुरुषही जमले, तेही हसले. महुतो मोफटला म्हणाली, कल्पना चांगली आहे, पण होण्यासारखी नाही. तुमच्यासारखी चाल आमच्यात असती तर बरं झालं असतं, असं तिला कितीदा वाटलं होतं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात महुतोचं हसणं आणि तिचं कबूल करणं दोन्ही शेजारीशेजारी आहेत. मोफटने बायकांच्या पाठीवरचं ओझं पाहिलं, हे खोटं नव्हतं. त्या ओझ्यासोबत त्यांच्या हातात काय होतं, हे मात्र त्याला दिसलं नाही.

मेरीने शिवणाचा वर्ग काढला. कुदळीने घट्टे पडलेल्या हातांत बारीक सुई धरवेना, हे मोफटने कौतुकाने लिहून ठेवलंय. पुरुषांच्या हाती नांगर आला. नांगराला बैल लागतात आणि बैल पुरुषांचे, म्हणून शेतही हळूहळू पुरुषांचं झालं, पिकाचा पैसाही. गोल घरांच्या जागी चौकोनी घरं यावीत म्हणून मिशन आग्रही होतं. घराच्या आत, खुर्चीवर, मांडीत कापड घेऊन बसलेली बाई हे त्यांच्या सुधारणेचं चित्र. जीन आणि जॉन कोमारॉफ या अभ्यासक दांपत्याने १९९१ आणि १९९७ मध्ये दोन मोठे ग्रंथ लिहून ही उलथापालथ उलगडून दाखवली. दोन पिढ्यांत बाईचं शेत गेलं आणि तिला घर मिळालं. आता गंमत बघा, त्याच मिशनच्या काळात आलेलं निळीत छापलेलं जर्मन सुती कापड आज बोट्सवानात बायकांचा पारंपरिक पोशाख म्हणून लग्नाकार्यात मानाने नेसलं जातं. त्याला लेतेइसी म्हणतात. त्या बायकांनी ते आपलं करून टाकलं. आपलं पोलकं आणि झंपर यांचाही प्रवास फार वेगळा नाही.

कुरुमानमध्ये सुई पुरुषाची होती, दिल्लीत बाईची होती, नगरला आजीच्या हातात आधीपासून गोधडीची होती. तिन्ही ठिकाणी बाईंनी येऊन एकच सांगितलं, की तुम्हाला घर करता येत नाही, आम्ही शिकवतो. शिक्षणाचं हे गृहीतक मला धड्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

ते पटवायला गोष्टीही लिहिल्या गेल्या. हॅना मलेन्सने १८५२ मध्ये बंगालीत ‘फुलमणि ओ करुणार बिबरण’ लिहिलं. फुलमणीचं अंगण झाडलेलं, फुलझाडं लावलेली, मुलं स्वच्छ. करुणाचं घर गबाळं. पुण्य आणि पाप अंगणावरून ओळखायचं. सतरा वर्षांनी दिल्लीतल्या एका मुसलमान लेखकाने असाच साचा वापरला, मात्र धर्मांतराचा हेतू बाजूला ठेवून. डेप्युटी नझीर अहमद दिल्ली कॉलेजात शिकलेले. ‘मिरात-उल-उरूस’, म्हणजे वधूचा आरसा, त्यांनी स्वतःच्या मुलींसाठी लिहायला घेतलं आणि ते १८६९ मध्ये छापलं गेलं. अकबरी आणि असगरी या दोन बहिणी एकाच घरातल्या दोन भावांना दिलेल्या. अकबरी हट्टी, कामचुकार, एका फसव्या बाईच्या नादाने दागिने घालवते. असगरी घरचे हिशेब वाचते, वर्षानुवर्षं लुबाडणाऱ्या मोलकरणीला पकडते, मोहल्ल्यातल्या मुलींसाठी शाळा काढते. वायव्य प्रांताच्या सरकारने या पुस्तकाला हजार रुपयांचं बक्षीस दिलं. हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या मुलींना लग्नात दिलं जायचं.

असगरी मला आवडते, हे सांगितलंच पाहिजे. ती हुशार आहे, पैशाचं तिला कळतं, आणि पडद्यात राहून ती नवऱ्याची नोकरी मार्गी लावते. पण पुस्तक मिटल्यावर मला काळजी वाटते ती अकबरीची, कारण तिच्याबद्दल लेखकाला काहीच जाणून घ्यायचं नाही.

गरिबांच्या वस्तीत साचा अधिक उघडा होता. १८८० च्या दशकात दिल्लीच्या मिशनने दर्यागंजमध्ये चर्मकार समाजातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी एक आवार वसवलं. तिथे राहायचं तर अटी होत्या. रविवारी काम नाही, जन्म, लग्न, मृत्यूचे विधी ख्रिस्ती पद्धतीने, चरस ओढायचा नाही. घर हवं तर घरपण आमच्या मापाचं. ही माणसं अंगमेहनतीवर जगणारी, एक दिवस काम बंद म्हणजे एक दिवसाची चूल बंद. मिशनची इच्छा वाईट होती असं मी म्हणणार नाही. ज्यांना शहर आपल्या विहिरीजवळ येऊ देत नव्हतं त्यांना त्याने दार उघडलं, हे खरंच आहे.

आपल्याकडे या सगळ्याची सुरुवात दिल्लीच्याही आधीची. अमेरिकन मराठी मिशनची सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत आली, लग्न न केलेली, एकटी. पुढे नगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. जोतिराव फुल्यांनी नगरला तिची मुलींची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण तिच्याकडे झालं असं चरित्रकार सांगतात. पण १८४८ मध्ये पुण्यात फुल्यांची शाळा निघाली आणि तिथे काय झालं बघा. मुक्ता साळवे ही मातंग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, जेमतेम तीन वर्षं शिकलेली. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. ‘ज्ञानोदय’ हे त्याच अमेरिकन मिशनचं पत्र. शिवणाच्या वहीत जी मुलगी मावली नसती, तिने मिशनच्याच छापखान्यातून धर्माला आणि पेशवाईला जाब विचारला.

सुईबद्दल मात्र पुण्यात पुढे विलक्षण एकमत झालं. १८८४ मध्ये हुजूरपागा ही मुलींची शाळा निघाली. मुलींना इंग्रजी, गणित शिकवायला लोकमान्य टिळकांचा विरोध. त्यांच्या मते दिवसाला तीन तास शाळा पुरे, मातृभाषा, धर्म-नीती आणि शिवणकाम शिकवावं. हे मत मिशनच्या कट्टर शत्रूचं, पण अभ्यासक्रम जवळजवळ तोच. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगानेही मुलींचा अभ्यास सोपा आणि घरगुती गरजांना धरून असावा असं म्हटलं. अण्णासाहेब कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवनशास्त्र, आरोग्य हे विषय त्याचा कणा होते. कर्व्यांनी विधवांना पायावर उभं केलं, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. तरीही दिसतं ते दिसतं. मिशनरी, लोकमान्य, सरकार आणि सुधारक यांची भांडणं इतर सगळ्या बाबतींत पेटलेली असताना बाईचं शिक्षण म्हणजे घराचं शिक्षण, यावर चौघांची मान डुलत होती.

या चौकटीतून कुणी बाहेर पडलं असेल तर पंडिता रमाबाई. आणि त्यांची सुरुवात चौकटीतच झाली. १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध केलं. बाईने कसं वागावं, घर कसं टापटिपीचं ठेवावं, वेळ कसा वापरावा यावरचं पुस्तक. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर मागितल्या. पुस्तकाच्या पैशांतून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठात राहिल्या, बाप्तिस्मा घेतला आणि मठाच्या वडीलधाऱ्यांशी धर्मतत्त्वांवर वाद घातला. परत येऊन १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. धर्मांतराच्या वादात पुण्याने पाठ फिरवली. मग दुष्काळ आले, १८९६-९७ चा आणि पाठोपाठ १९०० चा. रमाबाई मध्य प्रांतातून, गुजरातेतून उपाशी मुली, विधवा गोळा करून पुण्याजवळच्या केडगावला आणत राहिल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये एका वेळी दोन हजारांच्या आसपास बायका होत्या.

एवढ्या बायकांना पोसायचं म्हणजे बाहुलीची झबली शिवून भागत नाही. केडगावला विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली. गाई, माग, तेलघाणा आणि शिवणही होतं. आणि छापखाना. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, पानं बांधणाऱ्या बायका त्यांच्याच आश्रमातल्या. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, भाषांतर पूर्ण करून. ‘स्त्रीधर्मनीति’ ते केडगावचा छापखाना हे चाळीस वर्षांचं अंतर मला आपल्याकडच्या स्त्री-शिक्षणाच्या इतिहासातलं सगळ्यात लांबचं अंतर वाटतं. कुरुमानला बाईच्या हातातली कुदळ काढून सुई दिली गेली. केडगावला सुई असलेल्या हातात कुदळही आली आणि खिळेही आले, आणि हे घडवणारी बाई ख्रिस्ती होती.

इथून पुन्हा दिल्ली. १९२७ च्या जानेवारीत पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषद भरली, अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. दुसरं अधिवेशन १९२८ मध्ये दिल्लीला झालं. बायकांचं शिक्षण कसं असावं यावर ठराव झाले, निधी उभा राहिला आणि त्यातून नोव्हेंबर १९३२ मध्ये नव्या राजधानीत लेडी आयर्विन कॉलेज सुरू झालं. नाव व्हाइसरॉयच्या बायकोचं, पैसा आणि कष्ट बहुतांशी हिंदुस्थानी बायकांचे, पहिल्या संचालिका हॅना सेन. मंडी हाउस मेट्रोतून उतरून सिकंदरा रोडवर चालत गेलं की ते लागतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा स्वयंपाक-शिवणाचं कॉलेज अशीच माझी समजूत होती. इथे पोषणशास्त्र, वस्त्रशास्त्र, बालविकास, विस्तारकार्य शिकवतात. सरकारी पोषण योजनांमध्ये, अंगणवाडीच्या आखणीत, रुग्णालयांच्या आहार विभागांत या कॉलेजच्या मुली आहेत. घराचं शास्त्र शिकवायला काढलेल्या संस्थेने मुलींना घराबाहेर नोकऱ्या दिल्या.

शाळांतला गृहशास्त्राचा विषय मात्र मुलींच्याच गळ्यात राहिला. साठच्या दशकात हंसाबेन मेहतांच्या समितीने स्पष्ट सांगितलं, की मुलगा-मुलगी म्हणून अभ्यासक्रम वेगळा नको. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये ते उचलून धरलं आणि गृहशास्त्र मुलींना सक्तीचं असू नये असं म्हटलं. कागदावर प्रश्न मिटला. मी सत्तरच्या दशकात शाळेत होते. आमच्या वर्गातल्या मुलांना सुतारकाम होतं आणि आम्हाला शिवण. मला करवत हवी होती, हे अजून आठवतं.

गेल्या हिवाळ्यात मी कापसहेडाला गेले, वही पिशवीत घेऊन. दिल्ली संपते आणि गुरुग्राम सुरू होतं त्या सीमेवरची ही वस्ती. पलीकडे उद्योग विहारमध्ये परदेशी ब्रँडचे कपडे शिवणारे कारखाने. बंगळुरूच्या कारखान्यांत मशीनवर मुख्यतः बायका असतात. दिल्ली, गुरुग्राम, नोएडाकडे बहुसंख्य शिलाई कारागीर पुरुष आहेत, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले. सुईला महिन्याचा पगार लागला की ती इथे पुरुषाच्या हातात असते. बायका वस्तीतल्या खोल्यांत असतात, एकेका मजल्यावर रांगेने दहा-पंधरा खोल्या, एक नळ. त्यांच्याकडे येतं ते नगावरचं काम. धागा कटिंग, मणी लावणं, टिकल्या टाचणं, बटणं. ठेकेदाराचा माणूस गाठोडं टाकून जातो, संध्याकाळी मोजून नेतो. घरी बसून काम करणाऱ्यांना कामगार मानणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९९६ चा आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

मी ज्या खोलीत बसले तिथे चौघीजणी होत्या आणि मध्ये गुलाबी रंगाच्या लहान मुलींच्या फ्रॉकांचा ढीग. हातात छोटी कटर, शिवणीच्या टोकाला लोंबणारा दोरा शोधायचा, कापायचा, पुढचा फ्रॉक. स्टोव्हवर डाळ होती, एकीचं मूल गाठोड्यावर झोपलेलं. मधुबनीकडची एक बाई या चौघींत वडील. मी तिला विचारलं, शिवण कुठे शिकलीस? ती म्हणाली, ‘सीखी कहाँ, दीदी. सिलाई तो आती नहीं. बस धागा काटती हूँ.’

तिच्या मागे भिंतीलगत अंथरूण रचलं होतं. वर घडी घातलेली सुजनी. जुन्या साड्यांचे थर, कडेला लाल पट्टा, आणि पूर्ण अंगभर बारीक धावदोरा. ही कुणी केली, मी विचारलं. मीच, म्हणाली, गावाकडे, मोठी मुलगी पोटात होती तेव्हा.

मी पिशवीतून आजीची वही काढली. तिने हात पदराला पुसले आणि एकेक पान उलटत गेली, काजावर थांबली, उलटी टीप नखाने चाचपून पाहिली. लाल शाईतल्या शेऱ्यावर बोट ठेवून विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं. तिने तुकडा डोळ्याजवळ नेला. ‘छोटे ही तो हैं,’ म्हणाली, आणि वही मला देऊन तिने पुढचा फ्रॉक मांडीवर ओढला, कारण ठेकेदाराचा माणूस पाच वाजता यायचा होता आणि ढीग अजून अर्धाच झाला होता.